अन्वर सरांची सपरी, चूल आणि अम्मीची पेटी

अन्वर सरांविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला ते आज पहाटेपासून उपलब्ध नाहीत.

तक्रार अशी, की नागभीडच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये त्यांनी मला कधीही पंख्याखाली बसू दिलं नाही.

मी संस्कृतचा पदवीधर. रस्त्यावरच्या खड्ड्याच्या बातमीतही समास घालणारा वार्ताहर. मुलीला न्यायला संध्याकाळी जायचो आणि तास संपेपर्यंत बसायचो. माझी जागा शेवटच्या बाकावर, इन्व्हर्टरला लागून.

"काऊन सर? मीच मांगं काऊन?"

"पंडितजी, तुमी प्रश्न विचारत नाई, प्रवचन करता. पोट्ट्यायचा टाइम जाते."

सर झोपेतच गेले. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. मूठभर माती मीही टाकली.

सकाळी ऋचाला, म्हणजे माझ्या मुलीला, मीच फोन करून सांगितलं. ती पुण्यात नोकरी करते, एकटी राहते. सरांची लाडकी विद्यार्थिनी.

"बरं बाबा," म्हणाली. "मीटिंग आहे."

फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाहीये.

म्हणून क्लासच्या पायरीवर बसून हे लिहितोय. हाताला काहीतरी काम हवं.

सरांचा सगळ्यात गाजलेला धडा म्हणजे पब्लिक, प्रोटेक्टेड, प्रायव्हेट. नव्या पोरांना प्रोग्रॅममधला क्लास म्हणजे काय हेच कळत नसे, मग त्यातलं कुणाला काय दिसतं हे तर दूरच.

सर फळ्यावर घर काढायचे.

"हे घर म्हणजे क्लास. ही सपरी. इथी कोणीबी येऊन बसते. पोस्टमन, शेजारी, मत मागनारा. हे पब्लिक."

"ही चूल. इथी बाहेरचा मानूस येत नाई. पन लेक सासरी गेली तरी आली का सिधी चुलीपाशी जाते. तिले कोणी अडवते का? हे प्रोटेक्टेड. ज्या क्लासनं वारसा घेतला, त्याले चालते."

"अन् ही माह्या अम्मीची पेटी. प्रायव्हेट. हिले अब्बाबी हात नाई लावत. काई पाहिजे त अम्मीले मागा. ती पाह्यते, इचारते, मंग देते. ते मागनं म्हनजे मेथड."

मी मागून हात वर केला. म्हटलं, सर, यांना प्रकट, कुलरक्षित आणि गुह्य असे सुंदर शब्द आहेत.

"हाव पंडितजी. पन प्रोग्रॅम वाचनाऱ्या कंपायलरनं शाळेत संस्कृत घेतलं नोहोतं."

वर्ग हसला. ऋचा सगळ्यात मोठ्यानं.

त्याच दिवशी सुनीता नावाच्या मुलीनं प्रोग्रॅम दाखवला. कोरचीकडच्या जंगलातल्या गावाची, इथे मामाकडे राहून शिकायची. तिनं धानाच्या कोठीचा क्लास लिहिला होता आणि सगळं पब्लिक ठेवलं होतं.

"सगळंच उघडं काऊन ठेवलं वो बाई?"

"सर, आमच्या गावात कोणी मांगाले आलं त नाई म्हनत नाई. दाराले कडीबी नाई लावत."

मला वाटलं, आता सर फिरकी घेणार. ते गंभीर झाले.

"तुहं गाव चांगलं हाये. कडी नोको लावू." मग तिच्याच कीबोर्डवर, प्रोग्रॅममधल्याच दुसऱ्या एका क्लासमधून, एक ओळ लिहिली आणि प्रोग्रॅम चालवला.

पडद्यावर आलं: कोठीत धान, वजा पन्नास पायली.

"असं कसं सर! वजा धान कुठी राह्यते?"

"कोणीबी आलं अन् काईबी भरून गेलं. चोरी नाई झाली बाई, पन तुह्या कोठीचा भरोसा गेला. म्हनून धान आत ठेव. मांगनाऱ्याले दे, पन तुह्या हातानं दे."

सुनीतानं प्रायव्हेट लिहिलं. खाली, टाकलेला आकडा शून्याच्या खाली असेल तर घेऊ नये, अशी मेथडही लिहिली. सरांनी तिला पंख्याखाली बसवलं. हे मी विसरलेलो नाही.

आता ऋचाचं. ही गोष्ट ती स्वतःच हसत सगळ्यांना सांगते, म्हणून लिहितो.

नागपूरला कॉलेजात असताना ती दोन विषयांत नापास झाली आणि शिक्षण सोडायला निघाली. मला काहीच माहीत नव्हतं. एक दिवस सर चहाच्या टपरीवर भेटले.

"आज पोरीले फोन करा. अभ्यासाचं काई नोका इचारू."

"काऊन? काय झालं सर?"

"मी नाई सांगनार. सांगन तिची ती."

मी फोन केला. घरच्या मांजरीला पिल्लं झाल्याचं सांगितलं. पिल्लांचे रंग सांगून होईपर्यंत ती रडायला लागली होती, आणि मग तिनं सगळं सांगितलं.

तेव्हापासून आमच्या घरात अशी पद्धतच पडली. ऋचा दर रविवारी सरांशी तासभर बोलायची. माझ्याशी दोन मिनिटं: जेवले, बरी आहे, ठेवते.

मी सरांना चिडवायचो, की बाप मी आणि मुलाखत तुम्हाला.

अलीकडे तिचा आवाज बारीक झालाय. दिवाळीला आली तेव्हा ताटातलं अर्धं ठेवून उठायची. मागच्या आठवड्यात मी सरांना सरळ विचारलं, पुण्यात काय चाललंय?

सर म्हणाले, "बोलन ती तुमच्याशी. थोडं थांबा. मी सांगून राह्यलो न तिले."

मी थांबलो.

सर, तुम्ही आमच्या मुली शहाण्या केल्यात. सलाम.

सरांना काय माहीत होतं, ते मी आता कुणालाच विचारणार नाही. पण ती ज्याला सांगायची तो माणूस गेला, आणि मला ती अजून काही सांगत नाही.

आता ती कुणाला सांगेल?

मला फार भीती वाटते आहे.