तावडेने न तपासलेला नट

"हात कोणी लावला?"

गणपत तावडेच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात मी स्टोअर्समध्ये नवीनच लागलो होतो. इन्स्पेक्शनच्या टेबलाजवळचं एक स्टूल मी जरासं ओढलं, तोच मागून हा प्रश्न आला. वळून पाहिलं तर उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला एक माणूस माझ्याकडे नव्हे, स्टुलाकडे बघत होता.

"मी लावला," मी म्हणालो.

"कशाला?"

"बसायला."

"स्टोअर्सच्या माणसाला इन्स्पेक्शनमध्ये बसायचं काय काम?"

मी स्टूल जागेवर सरकवलं आणि उभाच राहिलो.

येणारा माल तपासणं ही त्याची नोकरी होती. पण कारखान्याचं गेट ओलांडल्यावरही त्याची तपासणी थांबत नसे. हॉटेलात चहा आला की तो ग्लास उजेडाकडे धरून खालून बघायचा. भाजीवाल्याने आपणहून कोवळी भेंडी निवडून द्यायला घेतली की तावडे पिशवी मिटायचा. "एवढं गोड बोलतोय म्हणजे खालची सडकी आहे." कोणी घरी जेवायला बोलावलं तर पहिला प्रश्न, "काम काय असेल रे त्याचं?" सुलभावहिनी, त्याची बायको, सगळ्यांसमोर सांगायच्या, "लग्नानंतर वर्षभर माझ्या आमटीत डाव फिरवून काय शोधायचे कुणास ठाऊक!" त्यावर तावडे शांतपणे म्हणे, "मीठ."

या माणसाने आयुष्यात एकाच माणसावर डोळे मिटून भरवसा टाकला. तो मी.

त्याचं कारणही त्यानेच एकदा सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडून चुकीच्या बेअरिंगची खोकी लाइनवर गेली. साहेबांसमोर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. मी म्हणालो, "चूक माझी आहे." बाहेर आल्यावर तावडेने मला टपरीवर नेलं आणि स्वतःच्या पैशाने चहा पाजला. "केळकर, चूक झाली म्हणून सांगणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. तुझं मी तपासणार नाही." आणि खरंच, त्यानंतर त्याने माझ्या हातचं काही तपासलं नाही. माझ्या सहीचा माल तो न उघडता आत घ्यायचा. लोक हसायचे, "तावडेसाहेब, केळकरांच्या खोक्यात दगड असले तर?" तो म्हणायचा, "असले तर केळकर सांगेल."

निवृत्तीनंतर आम्ही मोटारसायकली घेऊन फिरायला लागलो. तावडे डोंबिवलीचा, मी कल्याणचा आणि तिसरा नाईक, घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये राहणारा. नाईकला फोटोंचा आणि मोटारसायकलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिण्याचा भारी शौक. आधी माळशेज, मग कोकण, मग गोवा असं करत सात-आठ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही जैसलमेरच्या पलीकडे, वाळवंटातल्या अभयारण्यात जायचं ठरवलं. तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन सगळं गाड्यांवर बांधून. आमची मुलं म्हणाली, वेड लागलंय. तावडे म्हणाला, "विमानाने गेलो असतो तर कोण चालवतोय ते दिसलं नसतं."

वाटेत त्याला शंका घ्यायला सबंध गुजरात आणि राजस्थान मिळाला. पेट्रोल पंपावर तो आधी मातीवर दोन थेंब सांडून वास घ्यायचा. रस्ता विचारल्यावर माणसाने पटकन सांगितलं की तो रस्ता चुकीचा, विचार करून सांगितलं की हमखास चुकीचा. एका जागी शेळ्यांचा कळप रस्त्यात उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. तावडे हेल्मेटमधूनच ओरडला, "नाईक, मागे कोणी आहे का बघ. शेळ्या उगाच थांबत नाहीत."

अभयारण्याच्या आत तंबू लावायला परवानगी नव्हती. कडेला चार-पाच घरांची एक वस्ती होती, तिथे भँवरसिंह नावाचा माणूस आपल्या कुंपणात प्रवाशांना उतरू द्यायचा. पन्नाशीचा, मिशीवाला, कमी बोलणारा. आमच्या गाड्यांवरचं एकेक गाठोडं त्याने काठीने टोचून पाहिलं. "शिकार-विकार तो नहीं करते आप लोग?"

"या वयात?" नाईक हसला.

"उमर से क्या होता है?" भँवरसिंह म्हणाला आणि माझी पिशवी उघडून बघितली.

तावडे खूष झाला. मला कोपराने ढोसून म्हणाला, "माणूस बरोबर आहे. संशय घेतो." पण संध्याकाळी भँवरसिंहने न मागता ताकाचा लोटा आणून ठेवला, तेव्हा तावडेचं मत लगेच बदललं. "आता गोड झाला. लक्ष ठेव." तंबूत शिरण्याआधी त्याने तिन्ही गाड्यांना एकमेकींत साखळी ओवून कुलूप घातलं.

सकाळी चहा करताना स्टोव्हवरचं भांडं कलंडलं आणि तावडेचा उजवा तळवा भाजला. त्याच्या गाडीची चेन वाळूने सैल पडली होती. ती ताणायची म्हणजे मागच्या चाकाचा नट सोडायचा, चाक मागे ओढायचं आणि नट पुन्हा कसायचा. एरवी आपल्या गाडीला तो दुसऱ्याला हात लावू देत नसे. नाईक पुढे झाला तर म्हणाला, "तू फोटो काढ." मग तळव्यावर ओला रुमाल धरून तो माझ्याकडे वळला. "केळकर, तू कस."

मी बसलो. नट सोडला, चाक ओढलं, चेन ताणली, नट बोटांनी फिरवून बसवला. आता पाना लावून शेवटचा ताण द्यायचा होता. तेवढ्यात कुंपणाकडून नाईकची दबलेली हाक आली, "माळढोक! अरे माळढोक!"

मी पाना जॅकेटच्या खिशात टाकला आणि दुर्बीण घेऊन पळालो. पिवळ्या गवतातून तो मोठा पक्षी एखाद्या निवृत्त हेडमास्तरसारखा मान ताठ ठेवून चालला होता. या पक्ष्यासाठी तर आम्ही एवढ्या दूर आलो होतो. तावडेही आला. भाजलेला हात विसरून त्याने माझा खांदा घट्ट धरला. "खरा आहे रे," तो हळूच म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी क्वचितच ऐकला होता.

आम्ही परत आलो तेव्हा तावडेची गाडी होती तिथे नव्हती. शमीच्या झाडाखाली उभी होती आणि भँवरसिंह फडक्याने तिची सीट पुसत होता.

"हात कोणी लावला?"

"धूप में थी, साहब. टंकी गरम हो रही थी."

तावडेने टाकीचं झाकण बघितलं, ब्रेक दाबून बघितले, दोन्ही टायरांवर अंगठा रोवला. माझा नट सोडून सगळं तपासलं. मी माळढोकाच्या आनंदात तंबू गुंडाळत होतो. खिशातला पाना मला आठवलाच नाही.

वस्ती मागे टाकून फार दूर गेलो नव्हतो. तळव्याला रुमाल बांधून तावडे पुढे गाडी चालवत होता, मी मागून पाहत होतो. रस्त्यावर आलेल्या वाळूच्या पट्ट्यात तावडेची गाडी शिरली, मागचं चाक तिरकं झालं, चेन उतरली आणि चाक जागीच अडकलं. तो गाडीखाली आला. नाईकने फोन केला आणि वस्तीतल्या एका पोराला चालवायला बसवून जीप घेऊन भँवरसिंहच आला. जैसलमेरच्या इस्पितळापर्यंत खडबडीत रस्त्यावर तावडेचं डोकं त्याने मांडीवर धरलं होतं. कंबरेजवळचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाईक गाडी बघून इस्पितळात आला. "मागचा नट सैल होता, तावडे."

तावडे पडल्या पडल्या म्हणाला, "तरी मी सांगत होतो. गाडीजवळ उभा कोण होता? आमची गाडी बंद पडली की जीप कोणाची लागणार?"

"पण नट तर केळकरने..." नाईकने माझ्याकडे बघितलं.

"केळकरने कसलेला नट सैल होतो होय?" तावडे त्याच्यावरच खेकसला.

माझा हात जॅकेटच्या खिशात होता आणि बोटांना पाना लागत होता. तेव्हाच तो मला आठवला. एक वाक्य म्हणायचं होतं, तेच वाक्य, जे मी पंचविशीत साहेबांसमोर सहज म्हणालो होतो. तेव्हा समोर साहेब होता. आता समोर तावडे होता, प्लास्टरमध्ये. मी म्हणालो, "तू पड आता. बोलू नकोस."

नाईकने ग्रुपवर लिहिलं. भँवरसिंहचं नाव, वस्तीचा पत्ता, गाडीचा फोटो आणि खाली, 'इथे थांबू नका, नट सैल करतात.' ते किती ग्रुपांवर फिरलं कोण जाणे. काही महिन्यांनी मला भँवरसिंहचा फोन आला. आधी विचारलं, "साहब चलने लगे?" मग जरा थांबून, "इधर अब कोई गाड़ी नहीं रुकती. कुछ बात हुई क्या?" मी म्हटलं, आवाज नीट येत नाही. आवाज अगदी स्पष्ट येत होता.

तावडेने पुन्हा मोटारसायकल चालवली नाही. आधी काठी, मग वॉकर. गेल्या वर्षी तो गेला. शोकसभेत नाईकने वाळवंटातली हकीकत रंगवून सांगितली आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी नंतर नाईकला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं, ग्रुपवर टाक म्हणालो. तो म्हणाला, "आता कशाला? गेलेल्या माणसाला खोटं पाडतोस?" म्हणून इथे लिहितोय. भँवरसिंहने नट सैल केला नव्हता. त्याने गाडी सावलीत ठेवली होती. नट मी सैल सोडला होता. भँवरसिंहला फोन करून मी हे सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "उनको बताया था?"

हो. तावडेला सांगितलं होतं. तो जायच्या काही महिने आधी.

त्या दिवशी डोंबिवलीला त्याच्या घरी गेलो तेव्हा वॉकरचा एक पाय डगडगत होता. त्याने पाना माझ्यापुढे सरकवला. "मुलगा म्हणतो तो कसून देतो. त्याला जमतंय होय? तू कस." मी खाली बसलो, सगळा जोर लावून नट आवळला आणि तसाच, वर न बघता, सांगून टाकलं. माळढोक, खिशातला पाना, इस्पितळ, सगळं.

तावडेने चष्मा कपाळावर चढवला. "भँवरसिंहचा फोन आलेला वाटतं."

"नाही."

"मग नाईकने पाठवलंय. का डॉक्टरने? मला बरं वाटावं, मनातला राग जावा म्हणून?"

"अरे, मी खरं सांगतोय."

"सत्तरी ओलांडली की हे असं होतं. न केलेली पापंही आठवायला लागतात." तो हसला. "त्या माणसाला तू अजून ओळखलं नाहीस, केळकर. पहिल्यापासून भोळा तू. सुलभा, चहा टाक गं."

वहिनींनी चहा दिला. तावडेने नेहमीसारखा स्वतःचा ग्लास उजेडाकडे धरला. बोलणं त्याच्या नातीच्या परीक्षेवर गेलं, मग लिफ्टच्या बिघाडावर. मी सुटलो नव्हतो, पण निदान सांगून झालं होतं. निघताना तो म्हणाला, "येत जा रे."

दाराबाहेर चपला घालताना मी सहज मागे पाहिलं. वहिनी रिकामे ग्लास घेऊन आत गेल्या होत्या. खोलीत तावडे एकटाच होता. खुर्चीतून कसाबसा वाकून, कंबर सांभाळत, मी आताच कसलेला तो नट दोन बोटांत धरून तो फिरवून बघत होता. नट हलत नव्हता. तरी त्याने पाना उचलला.