अक्षता नाहीत, तर लग्न नाही

मंडळी, आज सकाळी माझा फोन वाचला आणि तो वाचवला माझ्या आईच्या रागाने!

चारोटीला हॉटेलात कामाला असलेल्या माझ्या चुलतभावाचा, विलासचा मेसेज आला. "लग्नाला यायचं हं!" खाली पत्रिकेची फाईल. मी ओरडलो, "आई, विलासचं लग्न ठरलं!" आणि फाईल उघडायला बोट नेलं.

आई चुलीपुढून उठून आली. "अक्षता कुठायत?"

आमच्या तलासरीकडच्या पाड्यावर दारात येऊन अक्षता दिल्याशिवाय आवतण होत नाही. "सख्ख्या काकूला मोबाईलवर आवतण? लाव त्याला फोन!"

लावला. आईने त्याला बोलूच दिलं नाही. ती दम खायला थांबली तेव्हा तो म्हणाला, "काकू, कसलं लग्न? काल मी अशीच एक पत्रिका उघडली. तेव्हापासून माझ्या नावाने सगळ्यांना आपोआप मेसेज जातायत!"

फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं होतं. म्हणजे पत्रिका नव्हे, फोनमध्ये शिरणारं चोर अ‍ॅप. आनंदाच्या भरात मी ते पाहिलंच नव्हतं.

दुपारी बिचारा विलास बाईकवरून घरोघरी सांगत फिरला, "उघडू नका!" लोक आधी अभिनंदन करायचे, मग ऐकायचे. आमच्याकडे भाकरी आणि सुके बोंबील खाताना आईने विचारलं, "आता गावभर झालंच आहे, तर मुलगी बघू का?"

विलास लाजला. "बघा. पण अक्षता मी स्वतः घेऊन येईन."

तोवर कोणाचीही पत्रिका आली तर आधी फोन करून विचारा. आणि खरं सांगा, विलासच्या लग्नाला कोण कोण निघालं होतं?