बाबांचे फाशीवाले

बाबा मंगळवारी गेले. मी शाळेत पेपर तपासत होतो. फोन आला, मी पेन ठेवलं आणि धामणकर नाक्यावरून रिक्षाने घरी आलो.

बाबा तुरुंगात शिपाई होते. निवृत्तीनंतर घरी आले ते फाशी गेलेल्या खुन्यांचे शेवटचे शब्द घेऊनच. बांधाच्या भांडणात शेजाऱ्याला मारणारा एक जण फळीवर उभा राहून म्हणाला होता, "शिपाईदादा, जरा सरका, तुमचा पाय माझ्या हद्दीत येतोय." दुसऱ्याने सख्ख्या भावाला मारलेलं. तो म्हणाला, "आज माझा भाऊ असता तर त्याने मला सोडवलं असतं." पहिल्या गोष्टीला पाहुणे लोळायचे. दुसरीलाही हसायचे, पण हसता हसता कुणीतरी एकदम गप्प व्हायचं. तेवढ्यात बाबा चहाचा घोट घ्यायचे.

पुतण्याच्या हळदीत, मांडवभर माणसांसमोर, मी म्हणालो, "बाबा, तुमची ड्युटी तर भटारखान्यात होती. फाशी कधी पाहिलीत तरी का?" मला वाचनाची सवय, खरं-खोटं निवडायची खोड. सगळे हसले, बाबाही हसले. त्यानंतर त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही. माफी मागायचं मी चार वर्षं ठरवत राहिलो.

दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडला. कावळे शेजारच्या लूम कारखान्याच्या पत्र्यावर ओळीने बसले होते, पण एकही शिवेना. म्हणजे बाबांची काही इच्छा राहिलेली. मग एकेकाने कबूल करायला सुरुवात केली.

"दादा, तुझी सायकल भंगारात देणार न्हाय!" आत्या ओरडली.

"काका, तुमच्या खोलीत एसी लावतो," चुलत भाऊ म्हणाला.

"आता लावतोस? मे महिन्यात काय झालं होतं?" आत्या त्याच्यावर उखडली.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मला पडघ्याला अजून एक दहावा आहे."

आत्याने मला पुढे ढकललं. "तुझ्यात जीव अडकलाय त्याचा. काय हाय ते बोल."

मी हात जोडले. बोलायचं होतं एकच वाक्य. पण हळदीतलं सांगायचं तर गोष्ट आधी सांगायला हवी, असं मला वाटलं. वर्गातही माझं असंच होतं. मी बांधवाल्याचं सांगितलं. "जरा सरका" म्हणताना बाबा जसा गुडघा उचलायचे तसा उचलला, ओल्या धोतरात पाय अडकला आणि मी गुरुजींच्या अंगावर गेलो. गुरुजी आधी हसले. मग कुणालाच आवरेना. आत्या तोंडात पदर कोंबून खाली बसली. मीही हसत सुटलो, दहा दिवसांत पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चुलत भाऊ म्हणाला, "अजून एक!" मी भाऊवाल्याची गोष्ट सुरू केली.

"शिवला! शिवला!"

वळून पाहिलं तर भात विस्कटलेला. कुणाच्या बोलण्याला शिवला, कुणीच पाहिलं नव्हतं. आत्या म्हणाली सायकलीला. चुलत भाऊ खरोखरच एसीची किंमत विचारू लागला.

"थांबा," मी म्हणालो, "माझं बोलायचं राहिलंय."

"आता कुणाला सांगतोस?" आत्या डोळे पुसत म्हणाली. "तो जेवून गेला."

या गोष्टीला दीड वर्ष झालं. घरी पाहुणे आले की फाशीवाले आता मी सांगतो. ते खरे होते की नाही, मला माहीत नाही. बाबांची माफी मी मागितलेली नाही.