शर्टाला आलेला वास

हे प्रकरण सांगायला बसलो की आधी माझी चूक सांगावी लागते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एका मेलेल्या माणसाच्या शर्टाला दारूचा वास आला आणि मी लिहून टाकलं की तो नशेत पडून मेला. शर्टाच्या पुढे मी काही पाहिलंच नाही.

ठाण्याच्या औद्योगिक भागात एका कंपनीने जागा सोडली होती. जाताना ऑफिस रिकामं करण्याचं काम एका भंगार कंत्राटदाराला दिलं. या धंद्याची रीत अशी, की कंत्राटदार जागा फुकट मोकळी करून देतो आणि टेबलं, कपाटं, एसी, वायरी, जे निघेल ते त्याचं. रविवारी दुपारी आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला, कामगार बेशुद्ध पडलाय. आम्ही पोहोचलो तेव्हा तो गेलेला होता. काचेच्या दाराची छोटी खोली, पूर्वी तिथे कॉम्प्युटरची मोठी यंत्रं असत. मयत भिंतीशी पालथा. बाजूला दारूची अर्धी बाटली. मी वाकून शर्टाचा वास घेतला आणि कंत्राटदाराला विचारलं, "रोज पितो का हा?"

"हो साहेब," तो म्हणाला.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मयताच्या बोटांवर पांढरट, भाजल्यासारखे चट्टे होते. ते पंचनाम्यात आले, 'जुन्या जखमा' म्हणून. भिंतीवर दोन रिकामे क्लॅम्प होते, तेही आले. तिथे काय लावलेलं होतं, हे मी विचारलं नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मत राखून ठेवलं आणि व्हिसेरा तपासणीला पाठवला. त्या अहवालाची वाट न पाहता मी माझं मत बनवलं, आणि वाईट म्हणजे ते बोलून दाखवलं.

बायको आंबिवलीहून आली होती. पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसून ती एवढंच म्हणत होती, "साहेब, हे पीत नव्हते."

"ताई, प्रत्येकीला असंच वाटतं," मी म्हणालो. आजूबाजूला तिच्या चाळीतली माणसं उभी होती. सगळ्यांनी ऐकलं.

पुढे काही महिने गेले. एका सकाळी हजेरी चालू असताना ती पुन्हा दारात दिसली. या वेळी ती रडत नव्हती. हवालदाराने "बसा मावशी" म्हटलं तरी ती बसली नाही.

"माझा दीर कल्याणला हॉस्पिटलात पडलाय," ती म्हणाली. "डोंबिवलीत ऑफिस खाली करायला गेलेला. त्याच भंगारवाल्या शेठकडे. तसाच बंद खोलीत पडला. वॉचमनने पाय धरून ओढला म्हणून वाचला. आता सांगा साहेब, हा पण प्यायलेला का?"

नोकरीत मला पुष्कळांनी शिव्या दिल्या, शाप दिले. त्यातलं एकही या प्रश्नासारखं लागलं नाही.

मी त्याच दुपारी कल्याणला गेलो. दीर शुद्धीवर आला होता, पण एक हात थरथरत होता आणि मधेच शब्द सापडत नव्हता. मी ओळख सांगितली. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"दादाची केस तुमच्याकडेच होती ना?"

"हो."

"तुम्हीच सांगितलेलं ना, दादा पिऊन मेला म्हणून. वयनी बोलत होती, तिथे नको जाऊ. मी बोललो, वयनी, मी तर पीत नाय. मला काय होणार?"

मी वही मिटली. माझं म्हणणं खरं धरून हा माणूस त्या खोलीत शिरला होता.

मग त्याने हळूहळू सांगितलं. अशा खोल्यांमध्ये आग विझवायचे मोठे गॅस सिलिंडर भिंतीला लावलेले असतात. लोखंड शेठचं, पण वरचा पितळी व्हॉल्व्ह कामगारांचा, हा त्यांच्यातला जुना हक्क. सिलिंडर गोदामात पोहोचला की पितळही शेठचं होतं, म्हणून जागेवरच खोलायचा. आधी आतला गॅस सोडायचा, मग पान्ह्याने व्हॉल्व्ह काढायचा. आवाज फार होतो, शेजारच्या ऑफिसवाले वॉचमनला पाठवतात, म्हणून दार लावून घ्यायचं.

"गॅस सोडला तर सिलिंडरवर बर्फ धरला," तो म्हणाला. "बोटं चिकटली. खाली वाकलो, मग काय झालं माहीत नाय."

बर्फ म्हटल्यावर मला त्याच्या भावाच्या बोटांवरचे ते पांढरट चट्टे आठवले.

अग्निशमन केंद्रातल्या अधिकाऱ्यांना विचारलं तेव्हा ते चकित झाले ते माझ्या अज्ञानाने. हा गॅस हवेपेक्षा जड. रंग नाही, कळेल असा वास नाही. बंद खोलीत खालून भरत येतो आणि श्वासाला हवा उरत नाही. वाकलेला माणूस उठत नाही, आणि त्याला उचलायला वाकलेलाही उठत नाही. जागा सोडताना हे सिलिंडर आधी ते बसवणाऱ्या एजन्सीकडून काढून न्यायचे असतात. ठाण्याच्या आणि डोंबिवलीच्या, दोन्ही कंपन्यांनी कंत्राटदाराला चाव्या दिल्या, सिलिंडरबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

कंत्राटदाराला बोलावलं. तो आरामात बसला, चहा घेतला.

"पितळ पोरांचं, साहेब. आमच्या धंद्याचा रिवाज आहे. मी नाही म्हटलं तर मलाच कंजूष बोलतात."

मी पंचनाम्याचे जुने फोटो टेबलावर मांडले. "या क्लॅम्पमधले सिलिंडर कुठे गेले?"

"गोदामात. आधीच नेलेले."

"आधी नेले, तर याच्या बोटांना बर्फ कुठला लागला?"

त्याने कप खाली ठेवला. चौकशीत गप्प बसणं हे ओरडण्यापेक्षा जास्त काम करतं, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र मी गप्प होतो, कारण उत्तराची मलाच भीती वाटत होती.

"मी आत गेलो तर मलाच गरगरायला लागलं," तो म्हणाला. "दार उघडलं, थोडं थांबलो, मग बघितलं तर तो संपलेला. केस होणार, काम बंद पडणार. आधी सिलिंडर खाली टेम्पोत टाकले. कंपनीच्या मोठ्या साहेबाच्या कपाटात बाटली राहिलेली. ती त्याच्या शर्टावर ओतली."

"आणि मला सांगितलंस, रोज पितो."

"मी कुठे सांगितलं? तुम्हीच विचारलंत, साहेब. मी फक्त हो म्हटलं."

जबाब लिहून घेणारा हवालदार खिडकीबाहेर बघू लागला.

जुनं प्रकरण पुन्हा उघडण्याचा अहवाल मी वरिष्ठांना दिला. ते म्हणाले, "यात तुझाही निष्काळजीपणा निघेल." मी म्हणालो, निघू द्या सर. निघाला, ठपकाही बसला. व्हिसेराच्या अहवालात दारूचा अंश नव्हता. कंत्राटदारावर मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल झाला. पहिल्या मृत्यूनंतर तो गॅस काय करतो हे त्याला कळलेलं होतं, तरी त्याने दुसऱ्याला तशाच खोलीत पाठवलं, हे आरोपपत्रात स्पष्ट आलं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. भंगारवाला, हमाल, सफाईवाला मेला की आपण त्याच्या सवयीत कारण शोधतो, खोलीत शोधत नाही. खोटी बाटली ठेवणाऱ्याला हे माहीत होतं. त्याला फक्त मी येईपर्यंत थांबायचं होतं.

आरोपपत्र गेल्यावर मी आंबिवलीला तिच्या घरी गेलो. ती दारातच उभी होती. मागे सासू, भिंतीला टेकून दीर.

"मला माफी मागायची आहे," मी म्हणालो.

"आत येऊन नको, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही चारचौघांत बोललेलात. चारचौघांतच बोला."

तिने शेजारणींना हाका मारल्या. दारं उघडली, बायका ओट्यांवर आल्या, पुरुष बनियनवर बाहेर आले. मी टोपी काढून हातात घेतली.

"या बाईंचा नवरा प्यायलेला नव्हता," मी म्हणालो. "तो काम करताना गेला. मी न तपासता खोटं बोललो आणि तेच लिहिलं, आणि त्यामुळे त्याचा भाऊही मरता मरता वाचला. ताई, आजी, दादा, माझं चुकलं. मला माफ करा."