दोन्ही बाजूंना लोणी

ग्रासिएत चुकली, आणि चुकली ती अगदी पोतंभर चुकली. आता स्वतःच सांगत फिरते आणि पोट धरून हसते.

पलीकडच्या अफुरादा कोळीवाड्याहून येणारी छोटी बोट नदीच्या पोर्तो शहराकडच्या काठाला जिथं लागते, तिथं तिची कॉफीची टपरी. माणूस ओळखावा तर आपणच, असा बाईंचा तोरा. एके दुपारी शाळेतल्या पोरींचा घोळका आला. त्यात एक नवी. हनुवटी वर, पाठ ताठ, तोंडातून शब्द नाही. निरोप घेताना मैत्रिणीच्या गालाला गाल लावला आणि एकच पापा. तोही पाव गुंडाळायच्या कागदासारखा पातळ. झालं! भेटलं की दोन, एकेका गालाला एक, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकावर थांबतात ते फोझवाले, नदीच्या मुखाशी बंगल्यांत राहणारे. ग्रासिएत मनात म्हणाली, 'आली महाराणी! हिच्या घरी कुत्र्यालाही वेगळी खोली असणार.'

घोळका पांगला. महाराणी टपरीला वळसा घालून गुपचूप अफुरादाच्या बोटीत जाऊन बसली. बोटवाला ओरडला, "काय गं व्हानिया, आजीचं जाळं झालं का सांधून? बाप्ये खोळंबलेत!"

ग्रासिएतच्या हातातून कप निसटला.

तर अशी ही व्हानिया, पंधरा वर्षांची. आई लक्झेंबर्गला लोकांची घरं पुसते, आणि हिला वाढवलं कोळीवाड्यातल्या आजीनं, अदोझिंदानं. मार्क चांगले पडले म्हणून शिक्षिकेनं मागं लागून फोझच्या शाळेत घातलं. पहिल्याच दिवशी हिनं नव्या मैत्रिणीला एक पापा दिला, दुसऱ्यासाठी मान वळवली, तर समोरची केव्हाच बाजूला झालेली. ही बिचारी ओठ पुढं काढून हवेत उभी. पोरी खिदळल्या. त्या दिवसापासून तिनं आरशासमोर एकावर थांबायचा सराव केला, आणि तोंडाला कुलूप घातलं.

कॉन्स्तान्सा नावाची पोर मात्र तिला धरून राहिली. मनानं चांगली, पण फोझची ती फोझची. एकदा दोघींनी टपरीवर टोस्ट मागितले. कॉन्स्तान्सानं ताटली परत सरकवली.

"मावशी, लोणी एकाच बाजूला लागलंय. मला दोन्ही बाजूंना हवंय. बदलून द्या ना."

राग नाही, संकोच नाही. मागितलं की मिळतं, हे दुधाबरोबर प्यायलेली पोर. व्हानियाच्या टोस्टची कड जळून काळी झाली होती. तिनं ती कडसुद्धा खाल्ली आणि वर म्हणाली, "छान होता."

कॉन्स्तान्सा गेल्यावर ग्रासिएतनं तिला पकडलं. "अगं, कोळसा खाल्लास! बोलली का नाहीस?"

"आजी म्हणते, दुसऱ्याच्या दारात तोंड खायला उघडायचं, बोलायला नाही."

"हे दार नाही, टपरी आहे. इथं भांडायचंच असतं! नाहीतर मला करमणार कसं?"

पोरगी हसली, पण कुलूप काही उघडलं नाही.

आणि मग जूनमध्ये एका सकाळी बोटीतून स्वतः अदोझिंदा उतरली. कानात सोन्याची मोठी कर्णफुलं, कमरेवर हात.

"ग्रासिएत तूच ना? काय शिकवलंस माझ्या पोरीला?"

"मी? मी कॉफी विकते, आजी."

"एकच देते मला! मी दुसरा गाल पुढं करून उभी, आणि ही चालली दप्तर घेऊन. धुण्याच्या हौदावर बायका विचारतात, भांडलात का? काय सांगू त्यांना?" एवढं तणतणली आणि एकदम आवाज खाली आला. "लाज वाटते गं तिला माझी."

"लाज कसली! सवय ती. दिवसभर तिकडं तसं करायचं, मग घरी तेच होतं."

"तेच म्हणते मी. आधी गाल जातो, मग जीभ जाते, मग घर जातं." अदोझिंदानं पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला. "आमच्याकडच्या संत पेद्रूच्या जत्रेला ती मैत्रीण सार्डीन मासे खायला येणार आहे. मी न्यायला येईन, इथंच. तिच्या लोकांसमोर मला एकच दिला, तर समजेन, पोर या काठाची झाली. तू बोलायचं नाहीस हं तिला!"

ग्रासिएतच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हा भिजवला. दोनदा जिभेच्या टोकावर आला, दोनदा गिळला.

जत्रेच्या दिवशी कॉन्स्तान्साला सोडायला तिची आई आली, दोना बेनेदिता. "पाणी बाटलीतलंच पी हं. आणि रस्त्यात उभं राहून खायचं का तिकडं? बरं, बरं." व्हानिया शेजारी ताठ उभी. बोट लागली. इस्त्रीच्या एप्रनमध्ये अदोझिंदा उतरली. ग्रासिएत एकच कप पुसत राहिली, पुसत राहिली.

व्हानिया पुढं झाली. एक दिला. आणि थांबली.

अदोझिंदानं या खेपेला दुसरा गाल पुढं केलाच नाही. नुसती उभी राहिली, नजर नदीकडं. व्हानियानं तिच्याकडं पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पण पोरीनं दोन्ही हातांनी आजीची हनुवटी धरली, तोंड वळवलं आणि दुसऱ्या गालाचा असा काही पापा घेतला की कठड्यावरचे सीगल उडाले.

म्हातारीनं नाक ओढलं. "केस का नाही बांधलेस, भूत?" म्हणाली. ग्रासिएतनं कप खाली ठेवला. सुटले बाई!

आता दोना बेनेदिता पुढं झाली. अदोझिंदाच्या गालाला गाल लावला, एकच, आणि मागं सरली. म्हातारी मान वळवून तशीच हवेत.

"काकू," व्हानिया म्हणाली, "एक राहिला."

ग्रासिएतनं कान टवकारले. कुलूप उघडलं की काय!

"आमच्याकडं एकच असतो गं, राणी."

"का?"

"का म्हणजे? पुरतो की."

"टोस्टला नाही पुरत. एकाच बाजूला लोणी असलं की कॉन्स्तान्सा परत पाठवते."

"मी नाही हं!" कॉन्स्तान्सा म्हणाली.

"पाठवतेस गं बाई," ग्रासिएत टपरीतून म्हणाली. "दर खेपेला."

"अगं, टोस्टची गोष्ट वेगळी," दोना बेनेदिता म्हणाली.

"हो ना," व्हानिया म्हणाली. "टोस्टला वाईट वाटत नाही."

कॉन्स्तान्सा फस्सकन हसली. दोना बेनेदितानं आजूबाजूला पाहिलं. कुणी मदतीला येईना. मग तिनं पर्स या हातातून त्या हातात घेतली आणि अदोझिंदापुढं दुसरा गाल केला.