वळणावरचा धूर

डोंगर चढणाऱ्या सहलीच्या गाडीचा शेवटचा, काचेच्या छताचा डबा मामा सांभाळायचे. काचा पुसायच्या, प्रवाशांना बसवायचं आणि मोठं वळण आलं की सांगायचं, "आता उजवीकडे बघा!"

त्या दिवशी उजवीकडे, खाली दरीत त्यांना धूर दिसला. धूर निघत होता ते निळ्या पत्र्याचं घर त्यांचंच होतं. बायको बाजारात गेलेली, घरात अंथरुणाला खिळलेली आई एकटीच.

त्यांनी लगेच ड्रायव्हरला फोन लावला. "गाडी थांबव रे! माझं घर पेटलंय!"

"मामा, या चढावर थांबलो तर पुन्हा निघताना गाडी मागे घसरेल. वरच्या स्टेशनापर्यंत मला काहीच करता येणार नाही हो."

शेजारणीचा फोन लागेना. खिडकीतल्या एका बाईने फोटो काढता काढता विचारलं, "मामा, धूर कसला हो? काय सुंदर दिसतोय!"

"माझं घर आहे ते," मामा कसेबसे म्हणाले. एका आजोबांनी त्यांना धरून आपल्या जागेवर बसवलं.

वर पोचल्यावर शेजारणीचाच फोन आला. "भाऊजी, आईंना खाटेसकट बाहेर काढलंय. घर मात्र गेलं हो. त्या सारखं तुमचंच नाव घेतायत. बोला."

"कधी येतोस रे?" आईने विचारलं.

"निघालोच बघ," मामा म्हणाले. गाडी खाली उतरायची तर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला न्यायचं अजून बाकी होतं. डबा जागच्या जागी उभा होता.