जस्त न धरलेले पत्रे
परवा बाथरूम धुताना ॲसिडचा वास नाकात गेला आणि भंडाऱ्याजवळच्या त्या छोट्या कारखान्यातली दुपार आठवून माझं डोकं पुन्हा तापलं. तिथे गाड्यांसाठीच्या मजबूत पोलादी पत्र्यांवर जस्ताचा थर चढवायचे आणि मी प्रयोगशाळेत होते. त्या दिवशी सकाळपासून पत्रे डागाळूनच बाहेर येत होते, जागोजागी जस्त धरलंच नव्हतं. जस्ताआधी पत्रे धुण्याच्या ॲसिडच्या टाकीवर आसगावचे एक काका होते. कारखान्याच्या साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. "पत्रे नीट धुतले नाहीत तुम्ही. उद्यापासून येऊ नका." काका शांतपणे म्हणाले, "साहेब, मी एकेक पत्रा पाहून सोडला." साहेब हसले. ते हसणं मला सहन झालं नाही. मी पोलादाच्या तपासणीचा रिपोर्ट आणून त्यांच्यापुढे आपटला. या मालात सिलिकॉन जास्त होतं. धुतल्यावर पत्रे भट्टीत तापताना ते पृष्ठभागावर येऊन न दिसणारी साय धरतं, मग आधी कितीही धुतलं तरी, तिच्यावर जस्त चिकटत नाही. "हा माल तुम्हीच पसंत केला होता," मी म्हणाले. साहेब कागद घेऊन केबिनमध्ये गेले. काकांची नोकरी वाचली. ते आभार मानतील असं मला वाटलं, पण त्यांनी विचारलं, "म्याडम, हे तुमाले कवा समजलं?" "सकाळी." "मंग सकाळीच काहून नाही सांगितलं? मी तवापासून शिव्या खाऊन राहिलो." मी साहेबांना घाबरले होते, हे माझ्या तोंडून निघालं नाही. साहेबांवरचा राग मी आजवर कितीतरी जणांना ऐकवला; काकांचा प्रश्न मात्र आज पहिल्यांदाच सांगते आहे.